रामटेकेबाईंचे तीन हँगर

आमच्या गावाबाहेर विमानांसाठी तीन हँगर उभे आहेत. सरकारदरबारी ते अजूनही भाजीबाजार आहेत. यात लपवाछपवी काही नाही. दिल्लीला हे माहीत आहे, मुंबईला माहीत आहे आणि गावातल्या शेंबड्या पोराला तर पहिल्यापासून माहीत आहे. हा सगळा उपद्व्याप ज्यांनी केला त्या रामटेकेबाई स्वतः कधी विमानात बसल्या नाहीत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणायच्या, "वर जाऊन मी काय करू गा? सप्पं काम तं खालीच पडून हाय."

गावाचं नाव मी सांगणार नाही. नागपूरच्या वेशीला टेकलेली छोटी नगरपालिका, गांधीबागेतून निघालेली बस जिथे पूर्ण रिकामी होते ते ठिकाण, एवढं पुरे. ज्यांच्या फजित्या पुढे यायच्या आहेत त्यांतले काहीजण हयात आहेत आणि सकाळी फिरायला गेलो की मला भेटतात. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी त्या नगरपालिकेत ड्राफ्ट्समन होतो. गटारं, पाण्याच्या टाक्या आणि सार्वजनिक मुताऱ्या यांचे नकाशे काढणं हे माझं काम. मुताऱ्यांत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

बाई नगरपालिकेच्या मराठी शाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झाल्या आणि लगेच वस्तीतल्या लोकांनी त्यांना निवडून दिलं. पांढरं पातळ, निळा काठ, खांद्याला कापडी पिशवी आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली ड्रिलची शिट्टी. शाळा सुटली तरी शिट्टी सुटली नव्हती. सभेत सगळे एकदम बोलायला लागले की बाई ती फुंकायच्या आणि सभागृहातली निम्मी माणसं नकळत सरळ बसायची. कारण निम्मी माणसं त्यांच्याच हाताखालून गेलेली. अध्यक्ष सोनबाजी ठवकर तर तिसरीत एक वर्ष जास्त बसले होते, आणि ते बाईंमुळे हे साऱ्या गावाला पाठ होतं.

पिशवीत फुटाणे असत. सभेत जो मुद्द्याचं बोलेल त्याला बाई एक मूठ फुटाणे द्यायच्या. मिशा पिकलेली माणसं ती मूठ दोन्ही हातांनी घ्यायची. मला नोकरीच्या पहिल्या वर्षात एकदाच मिळाले, तेही गटाराचा उतार उलटा पडलाय हे सांगितलं म्हणून. अध्यक्षांना कधी मिळालेले मी पाहिले नाहीत, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. एकदा ते मला हळूच म्हणाले, "काहून गा, मी बोलतो ते इतकं वाया जाते काय?"

छप्पन साली बाई कडेवरच्या मुलीला घेऊन नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. त्याबद्दल त्या भाषण कधी करत नसत. फक्त एकदा, कोणीतरी त्यांना सभेत मागच्या बाकावर बसायला सुचवलं तेव्हा, हसत म्हणाल्या, "मांगं बसाचं असतं तं मी छप्पन सालीच घरी राहिली असती." आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून तो बाक त्यांचा झाला.

आता धावपट्टीकडे येतो. ती लढाईच्या काळात गोऱ्या फौजेनं बांधली होती. फौज गेली, पट्टी राहिली आणि फिरत फिरत नगरपालिकेच्या गळ्यात पडली. एका टोकाला बायका गोवऱ्या थापत, म्हशी बसत. दुसऱ्या टोकाला कॅप्टन बर्वे यांचा फ्लाइंग क्लब होता. बर्वे हवाई दलातून निवृत्त झालेले, पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे. त्यांच्याकडे दोन पिवळी शिकाऊ विमानं होती, दोन-दोन माणसं बसतील एवढी. तीही क्लबची नव्हती, दिल्लीच्या विमान खात्यानं वापरायला दिलेली होती. त्यांच्या डोक्यावर जुन्या पत्र्याची एक शेड होती. एका उन्हाळ्यात अंधड आलं आणि ती शेड उचलून म्हशींच्या टोकाला नेऊन टाकली. म्हशींना काही झालं नाही. एका विमानाच्या पंखाचं कापड मात्र टराटरा फाटलं. हो, त्या विमानांच्या पंखांवर कापडच असतं, मलाही तेव्हाच कळलं.

खात्यानं कळवलं, पुढच्या पावसाळ्याआधी पक्के हँगर बांधा, नाहीतर दोन्ही विमानं परत घेऊन जाऊ. विमानं गेली म्हणजे क्लब बंद. क्लबात तेव्हा शिकणाऱ्यांत विलास गजभिये नावाचा एक तरुण होता. वडील नागपूरच्या गिरणीत, घर बाईंच्या गल्लीत, शाळा अर्थातच बाईंची. सरकारी शिष्यवृत्तीवर तो उडायला शिकत होता आणि निम्मं शिक्षण झालं होतं. क्लब बंद झाला की शिष्यवृत्तीही बंद, आणि मग त्याला गिरणीच्या दारात उभं राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाईंनी सभेत त्याचं नाव कधीच घेतलं नाही. मला एकदा म्हणाल्या, "त्याचं नाव घेतलं तं सप्पे मनतीन, बाई आपल्या पोट्ट्यासाठी करून राहिली. हँगर गावासाठी पाह्यजे. पोट्टं त्यात आपोआप येते."

नगरपालिकेत या पत्रावर चर्चा झाली ती अशी. एक सदस्य म्हणाले, विमानं गेली तर म्हशींना जागा होईल. दुसरे म्हणाले, एक समिती नेमा आणि रामटेकेबाईंना अध्यक्ष करा, त्यांना सगळ्यांना शिस्त लावायची हौस आहे, विमानांनाही लावतील. हशा पिकला. हसणं संपेपर्यंत बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी मजाक म्हणून देऊन राहिले, मी खरंच घेऊन राहिली. लिहून घ्या." अध्यक्षांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

बाईंचा एक नियम होता, कुठलीही गोष्ट बसून ठरवायची नाही. पाण्याची टाकी कुठे बांधायची हे त्यांनी सगळ्यांना घागरी उचलायला लावून ठरवलं होतं. हँगरचा पहिला नकाशा मी काढून नेला. एकच हँगर होता, कारण अध्यक्षांनी एकच सांगितला होता. बाईंनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "कागदावर मले सप्पंच मोठं दिसते. उद्या सकाळी मैदानात काढा."

दुसऱ्या दिवशी मी चुन्याची फक्की घेऊन हँगर खऱ्या मापात जमिनीवर आखला. समितीचे सदस्य, अध्यक्ष आणि कॅप्टन बर्वे हजर होते. बाईंनी बर्व्यांना पंखांची लांबी विचारली, तेवढ्या लांबीचे बांबू मागवले आणि प्रत्येक बांबूच्या मध्ये एकेक सदस्य उभा केला, खांद्यांवर बांबू आडवा, हात त्याच्यावर पसरलेले. "तुमी विमान," त्यांनी अध्यक्षांना सांगितलं. सोनबाजी ठवकर म्हणजे वजनदार असामी, धोतर, काळी टोपी. खांद्यावर लांबच लांब बांबू घेऊन ते चुन्याच्या दारातून आत निघाले. मागून दुसरं विमान म्हणून किराणावाले सदस्य. बाईंनी शिट्टी फुंकली. आत गेल्यावर दोघांना वळायचं होतं. अध्यक्ष वळले आणि त्यांच्या बांबूनं किराणावाल्यांची टोपी उडवली. किराणावाले खाली वाकले तर त्यांचा बांबू अध्यक्षांच्या पोटात. गोवऱ्या थापणाऱ्या बायका हसून हसून खाली बसल्या.

"टक्कर झाली," बाई गंभीरपणे म्हणाल्या. "कॅप्टनसाहेब, खरे विमान असते तं?"

"दोन्ही भंगारात," बर्वे म्हणाले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं, आणि तिथल्या तिथे चुन्याच्या रेघा बाहेर सरकवून हँगर रुंद केला.

मग बर्व्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कपाशीवर औषध फवारणारी विमानं हंगामात विदर्भभर फिरतात, त्यांना राहायला जागा मिळत नाही, हँगर असेल तर ते भाडं द्यायला तयार असतात. म्हणजे एक हँगर शिकाऊ विमानांना, एक फवारणीवाल्यांना, आणि त्या भाड्यातून कर्जाचा हप्ता. बाईंनी बर्व्यांना एक मूठ फुटाणे दिले. ते हातात धरून कॅप्टन बराच वेळ उभे होते, खायचे की सलाम करायचा हे त्यांना कळेना.

"तं दोन," अध्यक्ष पोट चोळत म्हणाले.

"तीन," बाई म्हणाल्या.

"तिसरा कायले?"

"सोनबा, तुह्या घरी पोरीचं लगन झालं तवा पाव्हणे माह्या शाळेत झोपले होते. मोजून बांधलेलं पुरत नाई."

तिसऱ्या हँगरावरून पुढे वर्षभर बाईंची टिंगल झाली. नगरपालिकेच्या चपराशापर्यंत सगळे त्याला 'पाहुण्यांचा हँगर' म्हणायचे. बाईंनी मला तीनच काढायला सांगितले आणि मी तीन काढले.

पैसा कुठून आणायचा? नगरपालिकांना सरकार कर्ज द्यायचं ते शाळेसाठी, पाण्यासाठी, संडासासाठी आणि बाजारासाठी. विमानासाठी कर्ज मागणारी नगरपालिका सरकारनं पाहिलीच नव्हती. मुख्याधिकारी म्हणाले, विषय संपला. बाई म्हणाल्या, "बाजार बांधू ना. मोठं छप्पर, मोठं दार. त्यात भाजी ठेवली का विमान ठेवलं, छपराले काय समजते?" त्या स्वतः नागपूरच्या कचेरीत गेल्या आणि तिथल्या साहेबांना सरळ सांगून आल्या की बाजार बांधतो, बाजार भरवतो, उरलेल्या दिवशी विमानं ठेवतो. साहेबांना एवढं खरं बोलणारं माणूस फारसं भेटत नसावं. कर्ज मंजूर झालं, मात्र अट पडली की आठवड्यातून एक दिवस बाजार भरलाच पाहिजे.

आणि मग ती घोडचूक झाली, जी फक्त नगरपालिकेतच होऊ शकते. बाजार म्हटल्यावर त्याचा नमुना नकाशा ठरलेला. माझे तीन हँगर मुंबईला गेले आणि परत आले तेव्हा प्रत्येकात भाजीवाल्यांसाठी सिमेंटचे ओटे होते, भाज्या धुवायला नळ होता आणि दाराच्या बरोब्बर मधोमध एक खांब होता. बर्व्यांनी तो खांब पाहिला आणि खुर्चीत बसले. आम्ही वर लिहिलं. उत्तर आलं की मधला खांब काढायला हरकत नाही, परंतु ओट्यांशिवाय बाजार होत नसल्यामुळे ओटे काढता येणार नाहीत. बाई म्हणाल्या, "खांब गेला ना? मंग झालं. ओटे मांगच्या भिंतीले लावा. विमानाचे पंख वरून जातीन, ओटे खाली राहातीन." बर्व्यांनी उंची मोजली. बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

कर्जाबरोबर नगरपालिकेला स्वतःचाही वाटा घालायचा होता आणि तिजोरीत तर खडखडाट. बाई मला घेऊन गांधीबागेत गेल्या, कापडाचे ठोक व्यापारी सेठ बनवारीलाल यांच्या पेढीवर. गादीवर बसायला नकार देऊन त्यांनी उभ्यानंच सांगितलं, "सेठजी, तुमच्या दुकानाचं नाव मले छपरावर लिहायचं हाय. मोठ्या अक्षरात."

"छत पर? छत कौन देखता है, बाई?"

"जमिनीवरचं सप्पेच पाहातेत. ज्याच्यापाशी पायी चालाचे पैसे हाय तोबी पाहाते. छत पाहाते तो विमानातला माणूस. विमानात गरीब बसते का सेठजी?"

शेठजींनी पानाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मी भिंतीकडे बघत होतो, कारण हसू दाबायची दुसरी सोय नव्हती. शेवटी शेठजींनी दोन छपरं घेतली. तिसरं काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं घेतलं, कारण शेठजींनी घेतलं म्हणजे त्यात काहीतरी असणार. पेंटरनं पांढऱ्या रंगात माणसाएवढी अक्षरं काढली. शेठजींना ती बघायची होती, म्हणून बर्व्यांनी त्यांना विमानातून एक फेरी मारून आणली. शेठजी उतरले तेव्हा पांढरेफटक पडले होते. विमान उठल्यापासून टेकेपर्यंत त्यांनी डोळे मिटलेले होते, हे बर्व्यांनी मला नंतर सांगितलं. बाईंनी विचारलं, "दिसलं का नाव?" शेठजी म्हणाले, "बहोत बढिया. एकदम साफ." गंमत म्हणजे बर्वे पुढे शिकाऊ पोरांना त्याच छपरावरून वाट शिकवायचे. धोतर-साड्यांचं दुकान दिसलं की डावीकडे वळायचं, संत्री दिसली की चाकं टेकवायची तयारी.

हँगर उभे राहिले, विमानं आत गेली आणि गुरुवारचा बाजार सुरू करायची वेळ आली. गावाबाहेर एवढ्या लांब भाजी विकायला कोणी येईना. बाई आठवडी बाजारात गेल्या आणि माळणींना म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी कॅप्टनसाहेब विमान उडवतेत. पाहाले गावोगावचे लोक येतीन, अन् उपाशी का परत जातीन?" माळणी आल्या. मग खेड्यांतून बैलगाड्या आल्या, सायकली आल्या. दर गुरुवारी पहाटे विमानं बाहेर ढकलायची, मैदानाच्या पार पलीकडे नेऊन उभी करायची, हँगरात मेथी, वांगी, कांदे आणि संध्याकाळी फरशी नळाच्या पाण्यानं धुऊन विमानं परत आत. कॅप्टन बर्व्यांची सुरुवातीला फार चिडचीड झाली. एकदा त्यांच्या पान्यांच्या पेटीत टोमॅटो निघाले. "बाई, माझ्या विमानाला सांबाराचा वास येतोय!" ते ओरडले. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्यांना एव्हाना कळलं होतं.

बाई म्हणाल्या, "मंग चांगलंच हाय ना. आंधी रॉकेलचा येत होता."

हळूहळू माळणीच विमानं ढकलायला लागल्या. नाकावरच्या पंख्याला हात लावायचा नाही, पंखाच्या कापडावर बोट दाबायचं नाही, पंखाखालच्या दांड्याला धरून लोटायचं, हे बाईंनी त्यांना शिट्टीवर शिकवलं. बर्वे नंतर नंतर म्हणायचे की हवाई दलातसुद्धा इतकं नीट काम त्यांनी पाहिलं नव्हतं. अर्थात हे ते बाईंच्या पाठीमागे म्हणायचे.

आणि मग आला तो गुरुवार. पावसाळा तोंडावर होता. विमान खात्याचा दिल्लीचा अधिकारी हँगर पाहायला येणार होता आणि त्याच्या हो-नाहीवर विमानं राहणार की जाणार हे ठरणार होतं. त्याच दिवशी कर्जाच्या तपासणीला मुंबईचा अधिकारी येणार, बाजार भरतो की नाही हे पाहायला. दोघांनीही दिवस आपापल्या सोयीनं ठरवला होता. अध्यक्ष घामाघूम झाले. म्हणाले, सकाळी मुंबईवाल्याला बाजार दाखवू, त्याला जेवायला नेऊ आणि तेवढ्यात दिल्लीवाल्याला विमानं दाखवू. बर्वे म्हणाले, बाजार आजच्या दिवस रद्द करा. बाई म्हणाल्या, "लपवाचं काय हाय त्याच्यात? दोघायले एका वक्तीच आणा. एकाच ओट्यावर बसवू."

दोघं आले. ओट्यावर सतरंजी टाकून बसले. समोर बाजार जोरात भरलेला. मुंबईचे साहेब खूश झाले. दिल्लीच्या साहेबांनी वांग्यांकडे पाहिलं, मेथीकडे पाहिलं आणि विचारलं, "हँगर कहाँ है?"

"यही है साहेब," बाई त्यांच्या खास नागपुरी हिंदीत म्हणाल्या. "हफ्ते में छे दिन हवाई जहाज रहता, एक दिन भाजी रहती. दोनो एक साथ कब्बी नहीं रहते." आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

असं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही. माळणींनी टोपल्या उचलल्या, नळ सोडला, खराटे फिरले, फरशी धुतली, पुसली. मैदानापलीकडून दोन्ही पिवळी विमानं चार-चार बायका लोटत आणत होत्या, डोक्यावर पदर, पाय अनवाणी, आणि कोणी चुकूनही पंख्याला हात लावला नाही. दिल्लीचे साहेब ओट्यावरून उठून उभे राहिले. फरशीवर वाकून त्यांनी बोट फिरवलं. तेलाचा एक डाग नव्हता.

"सफाई तो बहुत अच्छी है," ते म्हणाले. "लेकिन नियम नियम है. जिस हँगर में जहाज रहे, वहाँ पब्लिक नहीं आ सकती. किसी भी दिन नहीं. बाजार बंद कीजिए, तो जहाज रहेंगे."

"बाजार बंद झाला तर कर्ज परत मागावं लागेल," मुंबईचे साहेब लगेच म्हणाले.

 विलास एका विमानाच्या पंखापाशी उभा होता, त्यानं मान खाली घातली. बर्व्यांनी टोपी काढली. मी बाईंकडे पाहिलं तर त्यांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं ते तेवढंच. वर्षभराची मेहनत, ते बांबू, ती छपरं, सगळं पाण्यात जाणार असं मला वाटलं.

बाईंनी मराठीत विचारलं, आणि बर्व्यांनी ते साहेबांना हिंदीत सांगितलं, "जिथं विमान नाई राहात, तिथं बाजार चालते का?"

"वहाँ मुझे क्या आपत्ति?"

"मंग त्या तिसऱ्यात बाजार. मधात तारेचं कुंपण. या दोघात भाजीचं पानबी येणार नाई." मग मुंबईच्या साहेबांकडे वळल्या. "अन् तुमाले बाजार पाह्यजे, तं एक अख्खा हाय, रोज उघडा ठेवा पाह्यजे तं. बाकी दोन रिकामे ठेवाचे का?"

मुंबईच्या साहेबांनी चष्मा पुसला. सरकारी माणूस मनात आणलं की काय लिहू शकतो हे मी त्या दिवशी शिकलो. ते थांबत थांबत म्हणाले, "बाजाराची भविष्यातील वाढ होईपर्यंत... उर्वरित दोन शेड... विमाने ठेवण्यासाठी भाड्याने देण्यास... हरकत दिसत नाही." बाईंनी पिशवीत हात घातला आणि त्यांना फुटाणे दिले. एक मूठ दिली, मग थांबून दुसरी मूठ दिली. दिल्लीच्या साहेबांनीही हात पुढे केला.

दोघांनी ओट्यावर बसून सह्या केल्या. माळणींना काय झालं ते कळायच्या आधी बर्व्यांनी टोपी हवेत फेकली. विलास विमानाला टेकून रडत होता आणि बाई त्याला म्हणत होत्या, "पंखाले टेकू नोको, कापड हाय ते." तिसऱ्या हँगराला त्या दिवसापासून कोणी पाहुण्यांचा हँगर म्हटलं नाही. सोनबाजी ठवकर तर पुढे भाषणात सांगायचे की तिसरा हँगर आमचाच आग्रह होता. बाई हे ऐकायच्या आणि नुसत्या हसायच्या.

विलासचं शिक्षण पुरं झालं, त्याला लायसन मिळालं आणि तो फवारणीची विमानं उडवायला लागला. गावात सत्कार झाला. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बुटाची दोरी बांध." बसल्या आणि पदरानं डोळे पुसले. पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या. मतदानाच्या रांगेत लोक वेडेवाकडे उभे होते म्हणून त्यांनी शिट्टी फुंकून त्यांना सरळ केलं, बऱ्याच जणांना राग आला. "रांग तं सरळ झाली ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

मला नागपूरला दुसरी नोकरी लागली. गावाकडे जाणं कमी झालं. ऐंशीच्या दशकात एकदा गुरुवारी काही कामानं तिकडे गेलो होतो, दिवस मावळायला आला होता, बाजार उठत होता. तारेच्या कुंपणापाशी बाई उभ्या होत्या. बऱ्याच खंगल्या होत्या. हातात भाजीची पिशवी, जड दिसत होती, तरी खाली ठेवलेली नव्हती. डोळे मिटलेले. मी जवळ जाऊन नाव सांगितलं.

"नकाशेवाले का? या. मोतीबिंदू हाय, लांबचं दिसत नाई आता." डोळे न उघडता त्यांनी माझा हात धरला. वरून इंजिनाचा आवाज येत होता. एक पिवळं विमान संत्र्याच्या छपरावरून वळत होतं.

"कोण आहे वर?" मी विचारलं.

"मले काय माहीत? नवीन कोणी हाय. शिकून राहिलं. कोणाचं तरी लेकरू असन."

विमान उतरलं, धावलं, थांबलं. मी म्हणालो, "उतरलं बाई, व्यवस्थित. चला, मी सोडतो घरी." त्या हलल्या नाहीत. पिशवी मी घ्यायला गेलो तर तीही देईनात. इंजिन बंद झालं. लोटणाऱ्यांचे आवाज आले, मग बराच वेळ काहीच नाही. माझ्या मनात आलं, या बाईंचे डोळे गेले तरी या इथंच येऊन उभ्या राहतात. तेवढ्यात हँगरचं मोठं लोखंडी दार रुळावरून करकरत सरकलं आणि धाडकन बंद झालं.

बाईंनी डोळे उघडले. "लागलं दार," त्या म्हणाल्या, आणि भाजीची पिशवी माझ्या हातात दिली. "चला आता."